पेपरात नाव येईल

बुधवारी रुपालीच्या मेसमध्ये हुलग्याचे शेंगोळे असतात. संगमनेरच्या कॉलेजांत शिकायला आलेली पोरं सोमवारची मटकी आणि मंगळवारचा फ्लॉवर-बटाटा मुकाट्यानं खातात, पण बुधवारी पातेलं खरवडल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पाटीवर नाव कल्याण गुंजाळ यांचं आहे. पोरं मात्र 'काकूंची मेस' म्हणतात, आणि तेच खरं आहे. पहाटे उठून शेगडी पेटवणारी रुपाली, दीडशे चपात्या लाटणारी रुपाली, आणि उधारी थकलेल्या पोराला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन विचारणारीही रुपालीच. कल्याण स्कूटरवरून डबे पोचवतो, बाजार आणतो आणि चार माणसांत मेसवाले म्हणून मान घेतो. माणूस वाईट नाही, फक्त मानाचा भुकेला आहे.

त्या बुधवारी रुपाली शेंगोळे वळत बसली होती आणि शेजारी तिची भाची सुकन्या. सुकन्या म्हणजे रुपालीच्या धाकट्या भावाची, बिभीषणची मुलगी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि राहायला आत्याकडेच. हातानं शेंगोळे वळायची आणि तोंडानं परीक्षेची उजळणी करायची, अशी तिची रीत.

"आत्या, हात दे."

"पीठ हाय गं हाताला."

"असू दे." तिनं आत्याचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले. "शंभराला चार कमी. कशाला घाबरलीस एवढी?"

"शेगडीपाशी बसलेय म्हनून आसंल," रुपाली हसून म्हणाली. पण पोरीनं बरोबर ओळखलं होतं. दुपारी घरात बैठक होती. तीत रुपालीचं कर्ज कुणाच्या हाती सोपवायचं हे ठरणार होतं, आणि ठरवणाऱ्यांत तिला कुणी धरलेलं नव्हतं.

कर्जाची हकिकत थोडक्यातच सांगतो. करोनात कॉलेजं बंद पडली, मेस दोन वर्षं थंड राहिली. पुन्हा उभी करायला पतसंस्थेकडून कर्ज काढलं. ते फेडायला महिला गटाचं, गटाचं फेडायला दुसऱ्या गटाचं, आणि शेवटी मोबाईलवरून घरबसल्या कर्ज देणाऱ्या एका कंपनीचं. सगळ्या कागदांवर नाव रुपालीचं होतं, कारण बाईच्या नावावर लवकर मिळतं. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिला होता बिभीषण. तो जामखेड तालुक्यात खर्ड्याच्या एका शाळेत शिपाई आहे.

या बिभीषणला रुपालीनं वाढवलं होतं. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, ते पाडव्यालाच परतायचे. तेवढे सहा महिने नऊ वर्षांची रुपाली पाच वर्षांच्या भावाला भाकरी थापून घालायची. पहिल्या भाकरी करपायच्या, त्या ती स्वतः खायची. हाच भाऊ पुढं पतसंस्थेच्या टेबलापाशी आला तेव्हा कागद न वाचताच म्हणाला होता, "आक्का म्हनती न्हवं, मग दावा कुठं सही करायची." कर्ज आपलं आपण भोगू, पण भावाच्या पगाराला हात लागता कामा नये, एवढी एकच गोष्ट रुपालीच्या मनात पक्की होती.

त्यासाठी ती आठ दिवसांपूर्वी वकिलाकडे जाऊन आली होती, कल्याणला न सांगता. तिची मुलगी पूजा कोर्टासमोरच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात काम करते. रोज वकिलांचे कागद टाईप करताना कोण काम करतं आणि कोण नुसता काळा कोट मिरवतो हे तिला कळलेलं होतं. तिनं आईला सांगळे वकीलबाईंकडे नेलं.

सांगळेबाईंचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. सत्काराचे फोटो नाहीत, एसी नाही. बाईंनी सगळी पासबुकं आणि चिठ्ठ्या टेबलावर ओतायला लावल्या, चष्मा लावून तासभर वाचल्या, आणि म्हणाल्या, "मी जादू करत नाही, हे आधीच सांगते. पतसंस्था सहायक निबंधकांकडे दावा लावेल. तुम्हाला नोटीस येईल, भावाला येईल. ती घ्यायची आणि तारखेला हजर राहायचं. मी उभी राहीन. मेसमधून झेपेल तेवढा हप्ता आपण बांधून मागू. हप्ता चालू राहिला तर भावाच्या पगाराकडे जायचं नाही, असं संस्थेकडून लेखी मागू. आजवर तरी अशा प्रकरणांत दिलंय त्यांनी."

"आनि बाकीचं?"

"बाकीच्यांसाठी कोर्टात नादारीचा अर्ज. घरात काय आहे, काय नाही, सगळं उघड सांगायचं, पितळेच्या घंगाळ्यापर्यंत. कोर्ट ठरवील कुणाला किती. मग रोज दारात येऊन शिव्या देणं बंद. एक गोष्ट मात्र आहे." बाईंनी चष्मा काढला. "पेपरात नोटीस द्यावी लागते. तुमच्या नावानं."

रुपालीचा चेहरा उतरलेला बाईंनी बघितला.

"माझ्याकडेच या असं नाही. दुसरीकडे कुठंही जा. पण जो कोण असेल त्याला विचारा, फीची पावती देणार का, आणि तारखेला स्वतः उभं राहणार का. एवढं विचारल्याशिवाय कुणाच्या हातात कागद देऊ नका."

खोलीतून बाहेर रस्त्यावर आल्यावर पूजा म्हणाली, "आई, हिलाच धर. खरं बोलते."

"आनि पेपरात नाव आलं म्हंजे? तुजं जमत आलंय. अकोल्याची मानसं काय म्हनतील?"

"मोडलं तर मोडू दे. मी काय बसून खाते?"

आई भराभर पुढं चालू लागली. पोरींना असं बोलता येतं, कारण मोडलेल्या सोयरिकीची किंमत त्यांनी अजून बघितलेली नसते, असं तिला वाटलं. खरं तर तिनं स्वतः तरी कुठं बघितली होती? नुसती ऐकली होती.

दुपारी पोरं जेवून गेली, ताटं धुऊन झाली आणि बैठक बसली. खर्ड्याहून एसटीनं बिभीषण आला होता. कल्याणनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मधोमध खुर्चीवर अजिनाथ तात्या. या तात्यांची ओळख करून द्यायला हवी. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली. कुणाच्या घरात कोणतं दुखणं आहे, कुणाची जमीन खरी आणि कुणाची तोंडी, सारं त्यांना पाठ. चोवीस वर्षांपूर्वी खर्ड्याची रुपाली संगमनेरात आणली तीही त्यांनीच, आणि आता पूजाचं शेजारच्या अकोल्याला जुळवत होते तेही तेच. दोन वर्षांपासून त्यांनी कर्ज मिटवण्याचंही काम हाती घेतलं होतं. कार्ड छापलं होतं : 'कर्जनिवारण मार्गदर्शक'. आपल्याकडे हा रिवाजच आहे. ज्यानं सोयरीक जुळवली त्यानंच भावांच्या वाटण्या करायच्या, त्यानंच भांडणं मिटवायची आणि त्यानंच कर्जही तोडायचं. त्याला डावलून दुसऱ्याकडे गेलं तर तो त्याचा अपमान, आणि अपमान झालेल्या मध्यस्थाच्या हातात आपल्या मुलीचं लग्न! माणूस आपला लागतो आपल्याला. आपला म्हणजे ज्याच्याकडे पावती मागायची लाज वाटते तो.

"काय न्हाई घाबरायचं," तात्या चहाची बशी उचलत म्हणाले. "पतसंस्थेचा मॅनेजर आपल्या ऐकन्यातला हाय. गटवाल्यांचं मी बगतो. तुमी फकस्त दोन गोष्टी करायच्या. हप्ता भरायचा बंद करायचा, मंग ते निम्म्यावर येत्यात. आनि नोटीस आली तर घ्यायची न्हाई. पोस्टमनला म्हनायचं, घेत न्हाई. नोटीस घेतलीच न्हाई म्हनल्यावर ती लागू व्हतीच कशी?"

कल्याणनं मान डोलावली. दाराशी उभ्या असलेल्या रुपालीनं पदर खोचला.

"तात्या, एक इचारू का? तारीख लागली तर तुमी सवता हुबं ऱ्हानार का?"

कल्याणनं डोळे वटारले.

"आनि पैसं घेनार त्याची पावती?" तिनं रेटलं.

तात्या रागावले नाहीत. हसले. "वहिनी, तुमचं लगीन जमावलं तवा मी पावती दिल्ती का?"

सगळे हसले. कल्याण तर मांडीवर थाप मारून हसला. हसणं ओसरलं तसा तात्यांनी आवाज उतरवला. "त्या जिन्याखालच्या वकिलीनबाईकडं गेल्ता म्हनं तुमी. कळतं आमाला. जा की, आमचं काय म्हननं न्हाई. पन ती बाई पेपरात छापनार, 'रुपाली कल्याण गुंजाळ, नादार'. मंग अकोल्याच्या मानसांना मी काय तोंड दावू? मला म्हनतील, तात्या, दिवाळं निघालेल्या घरची पोरगी आमच्या गळ्यात मारता व्हय?"

कल्याणनं बायकोकडे बघितलं. रागानं नाही, घाबरून. "तू वकिलाकडं गेल्तीस?"

रुपालीनं भावाकडे बघितलं. बिभीषण खाली बसला होता, टोपी गुडघ्यावर.

"बिभीषण, तू सांग. जामीन तू हायेस."

"मी काय सांगू आक्का," तो म्हणाला. "तू म्हनशील तसं."

म्हणजे ठरवायचं तिच्यावर आलं होतं. बायकांना कुणी विचारत नाही हे खरं असलं तरी त्या घटकेला तिला विचारलेलं होतं. आतल्या खोलीत पूजा दाराला कान लावून उभी होती, तिची सावली फटीतून दिसत होती. त्या सावलीकडे बघत रुपाली म्हणाली, "तुमीच बगा मंग, तात्या."

नारळ फुटला. पहिला हप्ता म्हणून तात्यांना वीस हजार रुपये दिले गेले, त्यासाठी रुपालीनं कानातलं मोडलं. पावती अर्थातच नाही.

पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा रुपाली मेथी निवडत होती.

"काकू, रजिस्टर हाय. सरकारी दिसतंय, घ्या."

"घ्यायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

"आवो, न घेऊन कुठं जानार हाय ते?" त्यानं पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं आग्रह केला नाही.

त्याच आठवड्यात बिभीषणचा फोन आला. "आक्का, माज्या नावानं बी आलंय. काय करू?"

"तात्या म्हनले घेऊ नको."

"ते खरं. पन आक्का, मी साळंत सूचना वही फिरवतो न्हवं? एखादा मास्तर सही करीत न्हाई, म्हनतो मी वाचलीच न्हाई. तरी सूचना त्याला लागूच ऱ्हाती. हेडमास्तर ऐकत न्हाईत. मंग हे सरकारी कसं लागू न्हाई व्हनार?"

रुपालीचा हात पोळपाटावर थांबला. आयुष्यभर वही फिरवणाऱ्या त्या शिपायाला जे कळत होतं ते बैठकीतल्या एकालाही कळलं नव्हतं. पण पूजाच्या साखरपुड्याला बारा दिवस उरले होते.

"पोरीचं एवढं व्हऊन जाऊ दे बाळा," ती म्हणाली. "मंग बगू."

"बरं," म्हणाला बिभीषण. त्यानंही नोटीस परत पाठवली.

पूजाचं लग्न वैशाखात झालं. आधी ती आईशी भांडली, मग रडली, मग गप्प बसली, आणि गप्प बसलेल्या मुलीचा होकार धरायची आपली रीत आहेच. मुलगा चांगला निघाला हे तिचं नशीब. तात्यांना फेटा बांधला. कल्याण चार दिवस टाचा उंच करून चालत होता. अब्रू वाचली होती.

आषाढात खर्ड्याच्या शाळेत पत्र गेलं. तारखेला कर्जदार आला नाही, जामीनदार आला नाही, नोटीस दोघांनी नाकारली, म्हणून एकतर्फी निकाल झाला होता आणि वसुली दाखला निघाला होता. हप्ते बंद ठेवल्यामुळे व्याज चढलेलं. आता जामीनदाराच्या पगारातून दरमहा कपात करावी, असा हुकूम होता. हेडमास्तरांनी बिभीषणला आत बोलावलं आणि पत्र त्याच्याच हातात दिलं. सवयीनं त्यानं विचारलं, "सूचना वहीत लावू का, सर?" मग त्यावरचं आपलं नाव वाचलं.

रुपाली धावत जिन्याखालच्या खोलीत गेली. सांगळेबाईंनी कागद वाचला. त्या चिडल्या नाहीत, आणि तेच रुपालीला जास्त लागलं.

"याच्यावर वर दाद मागता येते. पण त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आहे का?"

नव्हती.

"तारखेला तुम्ही आला असता तर," बाई बोलू लागल्या आणि मध्येच थांबल्या. "जाऊ दे. चहा घ्या."

तात्यांकडे कल्याण गेला. तात्या म्हणाले, मॅनेजर बदलला, त्याला मी काय करू? नवा मानूस ऐकत न्हाई. उरलेले पैसे मात्र त्यांनी मागितले नाहीत, आणि हा त्यांचा मोठेपणा म्हणून कल्याणनं घरी येऊन सांगितला. तात्या लबाड होता, एवढं म्हणून आपल्याला सुटता यायचं नाही. नोटीस घेतली नाही तर लागू होत नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याला तसं वाटतं हे ठाऊक असूनही, केवळ त्याच्या तोंडून आपल्या मुलींची बदनामी होऊ नये म्हणून आपण आपली घरं त्याच्या हाती देतो. यात जास्त दोषी कोण?

बिभीषणच्या पगारात घराच्या कर्जाचा हप्ता आधीच जात होता. ही कपात सुरू झाल्यावर उरलं ते किराण्यालाही पुरेना. सुकन्याच्या कॉलेजची फी भरायची तारीख गेली, दुसरी गेली. रुपाली म्हणाली मी भरते, आणि मेसच्या गल्ल्यातून थोडे घेऊन निघाली तर दारातच गटाच्या वसुलीवाल्या दोघांनी गाठून ते नेले.

मग एके दिवशी तात्या खर्ड्याला गेले. स्थळ घेऊन.

स्थळ राहात्याकडचं होतं. पेरूची बाग, पक्कं घर. मुलगा बिजवर, वय छत्तीस, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मागं दोन वर्षांची मुलगी. हुंडा नको, लग्न तेच करून घेणार. "तुमच्या डोक्यावरचा येक भार तरी कमी व्हईल," असं तात्या म्हणाल्याचं बिभीषणनं फोनवर सांगितलं.

रुपालीनं मेस एक दिवस बंद ठेवली, जी तिनं तापातही कधी ठेवली नव्हती, आणि खर्ड्याची एसटी धरली. बिभीषण ओट्यावर बसला होता.

"न्हाई द्यायची," ती चप्पल काढायच्या आधी म्हणाली. "दीड वर्स ऱ्हायलंय पोरीचं. माज्याकडं ऱ्हाऊ दे. मी फीचं बगते."

"कुठनं बगशील आक्का?"

"बगीन कुठनं बी."

"तुज्याच दाराला उद्या कुलूप लागलं तर?"

ती ओट्याच्या कडेला टेकली.

"त्यांच्या घरात दोन येळचं हाय," बिभीषण म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "तुला बोल लावीत न्हाई मी. सही मी माज्या हातानं केलीया."

त्यानं बोल लावला असता, एक शिवी दिली असती, तर रुपालीला परतीच्या एसटीत मोकळेपणानं रडता आलं असतं. फी थकल्यावर घरी परतलेली एकोणीस वर्षांची सुकन्या तिला स्टँडवर सोडायला आली. पुस्तकं संगमनेरलाच होती. "आणून देऊ का?" रुपालीनं विचारलं. "राहू दे आत्या," पोरगी म्हणाली. "तिथं ठेव. धूळ बसू देऊ नको."

लग्न राहात्याला मंगल कार्यालयात झालं. पंगतीत रुपालीच्या शेजारी तिची विहीण बसली होती, पूजाची सासू मनकर्णाबाई. बाई मोकळ्या स्वभावाच्या, अकोल्याकडच्या. जिलबी मोडत म्हणाल्या, "तुमच्या भावाचं लई वाईट झालं बगा. मेसच्या कर्जापायी."

रुपालीनं दचकून बघितलं. "तुमाला कुनी सांगितलं?"

"आवो, तात्यांनीच. आत्ता न्हवं, पैल्याच दिवशी. पूजाला बघाय आल्तो ना आमी, त्याच्या आधीच म्हनले हुते, मेसवर कर्ज हाय, पन पोरगी सोन्यासारखी हाय. आमी म्हनलं, कर्ज कुनाला न्हाई? आमच्या डेअरीवर काय थोडं हाय व्हय? पोरीच्या अंगात हुन्नर हाय, तेवढं बगितलं आमी."

रुपालीचा हात ताटात तसाच राहिला. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्यानं पेपरात नाव येईल म्हणून भीती घातली त्यानंच आधी सांगून टाकलं होतं. आणि समोर, हळदीच्या अंगानं, दोन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन सुकन्या बसली होती. मुलगी नवीन आईची बांगडी ओढत होती. सुकन्यानं तिचं मनगट सहज दोन बोटांत धरलं, आणि मग कुणी बघितलं का म्हणून इकडे तिकडे पाहून सोडून दिलं.

सोमवारी रुपाली कुणाला न विचारता कोर्टात गेली. सांगळेबाईंनी अर्ज लिहिला, पूजानं अकोल्याहून येऊन तो टाईप केला. पितळेच्या घंगाळ्यापासून शेगडीपर्यंत सगळं लिहून दिलं. कल्याण दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली तेव्हा जेवला.

पुढं महिनाभरानं, एका बुधवारी, नोटीस छापून आली. आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, चार ओळी. तमाम लोकांस कळविण्यात येते की सौ. रुपाली कल्याण गुंजाळ, राहणार संगमनेर, यांनी नादार जाहीर होण्याकरिता अर्ज केला असून, कोणाची हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत. बस्स. कल्याण त्या दिवशी डबे पोचवायला गेला नाही. आतून कडी लावून बसला.

सकाळी दूधवाला आला, दूध घालून गेला. भाजीवाल्या लंकाबाईनं कोथिंबीर महाग झाल्याचं सांगितलं. समोरच्या सलूनवाल्यानं पेपर उघडला, राशिभविष्य वाचलं आणि मिटला. दुपारी पोरं आली. एकानं नेहमीप्रमाणे पेपरची पानं सुटी करून ताटाखाली अंथरली. पातेलं खरवडून झालं, पोरं हात धुऊन गेली. रुपाली पानं गोळा करायला वाकली, तेव्हा तिचं नाव एका ताटाखालून निघालं. चारी ओळींवर शेंगोळ्यांचा रस्सा सांडला होता.

वाचकहो, तुमच्याही पेपरात आज अशी एखादी नोटीस असेल. तुम्ही वाचली का? नसेलच वाचली. कुणीच वाचत नाही. त्याच चार ओळींच्या भीतीनं घराघरांत खऱ्या वकिलाला परत पाठवतात, आपल्या माणसाला फेटा बांधतात, आणि कुणाची तरी लेक मध्येच पुस्तकं मिटते. यात कर्जापेक्षा आपल्या अब्रूचंच व्याज जास्त आहे. रुपालीचा अर्ज आज ना उद्या मंजूर होईल, शिव्या देणारे दारात यायचे थांबतील. पण बिभीषणची कपात त्यानं थांबत नाही, आणि राहात्याला गेलेली पोरगी परत येत नाही.

ती पान पुसत असतानाच फोन वाजला. सुकन्याचा होता.

"आत्या, आज बुधवार. शेंगोळे केले का?"

"केले की."

"छापून येणार होतं ना आज? आलं?"

"आलं."

"मग? कोण काय म्हणालं?"

"कोनी न्हाई."

"कोणीच नाही?"

"कोनीच न्हाई, बाळा."

भिंतीवरच्या फळीवर नर्सिंगची पुस्तकं ओळीनं लावलेली होती. रुपाली रोज त्यांच्यावरून फडकं फिरवत असे. पोरगी आणखी काहीतरी बोलेल म्हणून ती फोन कानाला घट्ट धरून उभी राहिली.

"बरं, ठेवते आत्या," सुकन्या म्हणाली. "मुलगी उठली."